विहिणींचं बेट

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

सुई पडद्यात तशीच टोचून ठेवली आणि आधी तुमचं पाकीट फोडलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला म्हटलं, जरा थांबा, घरचं पत्र आहे. तो बिचारा थांबला. मी दोनदा वाचेपर्यंत थांबला.

तुम्ही पाठवलेलं हॉटेलचं माहितीपत्रक पाहिलं. भूमध्य समुद्र इतका निळा असेल यावर माझा विश्वास नाही. असा निळा रंग मी कापडात पाहिला आहे, तो दोन धुण्यांत उतरतो. चित्रात पांढरी घरं आहेत, चढ्या पायऱ्या आहेत आणि एक गाढव आहे. गाढवावर खूप सामान लादलं आहे. ते तुमचं असावं.

मुलांनी आपल्याला विचारलंसुद्धा नाही. चौघांची जूनची तिकिटं काढून मोकळी. एक खोली त्या दोघांना, एक आपल्या दोघींना. त्यांच्या लग्नाला तीन वर्षं झाली, आणि एवढ्या काळात तुम्ही आणि मी एका छताखाली किती वेळ काढला? एक लग्नाचा दिवस आणि एक मी तुमच्या दिवाणखान्याला पडदे लावायला आले होते तो. बाकी सगळी ओळख टपालातली. दिवसभर कवळ्या घासून तुमचे कान असे झालेत की फोनवर कोणीही बोललं तरी तुम्हाला मशीनच सुरू आहे असं वाटतं. छकी मला विचारते, आई, तुम्ही दोघी एवढी पत्रं लिहिता, तर तिथे गेल्यावर बोलाल काय? मी म्हटलं, शेजारच्या खाटेवर चिठ्ठ्या टाकू.

एक आत्ताच सांगून ठेवते. खिडकीजवळची खाट माझी. हा हट्ट नाही, धंदा आहे. पातळ पडद्याच्या खोलीत मला झोप येत नाही. हॉटेलला पत्र टाकून खिडकीचं माप मागवलं आहे.

तुमची
मुलीकडची, म्हणजे गप्प बसायची ती

१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

एवढं लांबलचक पत्र लिहायचं आणि खाली सही करायची गप्प बसायची म्हणून. तुमच्या गप्प बसण्याला टपालखात्याने वेगळा माणूस नेमायला हवा.

माहितीपत्रक मीही नीट पाहिलं. तुम्ही गाढव पाहिलंत, मी दात पाहिले. पहिल्या पानावर जी माणसं हसताहेत त्यांच्यातल्या कोणाचेही दात स्वतःचे नाहीत. काम चांगलं आहे, पण वरची रांग जरा जास्तच सरळ. मालकाचे मात्र खरे आहेत. इतके वाईट दात कोणी मुद्दाम करून घेत नाही. माणूस भरवशाचा वाटतो.

खिडकी मात्र मिळणार नाही. मी मुलाकडची. आजवर मी कसला मान मागितला? लग्नात नाही, सणाला नाही. सगळा साठवून ठेवलाय, तो आता एकदम घेणार.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, मी घोरत नाही. आमचे हे तसं म्हणायचे. ते माझ्याआधी झोपायचे हा भाग वेगळा.

पोहायचा पोशाख घ्यावा लागेल. पडद्याच्या उरलेल्या कापडाचा शिवणार असाल तर माझा फुलांचा नको.

तुमची
मुलाकडची

२७ फेब्रुवारी

आई,

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू मध्येच विचारलं असतंस, जेवलीस का.

आम्ही वेगळं राहायचं ठरवलं आहे. भांडण झालेलं नाही. झालं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. मी बोलायची आणि तो मान हलवायचा. मग मीही मान हलवायला लागले. शेवटी मीच म्हटलं, हे पुरे. तो मित्राच्या खोलीवर गेला आहे. कागदोपत्री काय ते सहलीनंतर करू.

एकच विनंती. तिकडच्या आईंना हे माहीत नाही. तो स्वतः सांगणार आहे, तुम्ही बेटावरून परत आल्यावर. त्यांची सुट्टी खराब करायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. बऱ्याच दिवसांत आम्ही मिळून ठरवलेली तेवढी एकच गोष्ट आहे, तेव्हा ती पाळ. तुझ्या पत्रात यातलं काही जाऊ देऊ नकोस. लिहायला बसलीस की तुला भान राहत नाही.

आम्ही दोघं येणार नाही. कामाचं कारण सांगू. तुम्ही दोघी जा.

मी जेवते आहे.

छकी

१ मार्च

आई,

आम्ही वेगळे झालो. चूक कोणाची नाही.

मित्राच्या खोलीत आम्ही दोघं मावत नाही. रविवारी तुझ्याकडे राहायला येतो. माझ्या खोलीतले कवळ्यांचे साचे हलव.

तिच्या आईंना माहीत नाही. ती सांगेल, सहल झाल्यावर. तू काही लिहू नकोस.

बाळ्या

१० मार्च

प्रिय विहीणबाई,

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.

मुलांना कामामुळे येता येणार नाही असं कळलं. कामं काय, येतातच. जावईबापू फार मेहनती आहेत हे मी नेहमीच म्हणते. त्यांचा स्वभावही शांत.

खिडकीजवळची खाट आपण घ्यावी. मला कुठेही झोप लागते.

दोघींनीच जाणं कितपत सोयीचं होईल याचाही विचार करावा असं वाटलं. आपल्याला अडचण असेल तर संकोच करू नये. आपल्या सोयीप्रमाणे ठरवावं.

आपली नम्र

१९ मार्च

विहीणबाई,

तुम्हाला बरं नाही का? कोणी बंदूक रोखून पत्र लिहून घेतलं असेल तर उलट टपाली एक कोरा कागद पाठवा, मी समजेन.

आपली नम्र. माझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा. आणि खिडकी सोडलीत? जिने माझ्या दिवाणखान्यात येऊन मला माझ्याच स्टुलावरून खाली उतरवलं, कारण मी पडद्याची सळई वाकडी धरली होती, ती बाई खिडकी सोडते?

खिडकी तुमचीच. मला नको. माझा मान मी परत साठवून ठेवते.

मुलांच्या कामाचं मलाही कळलं. सूनबाई गुणाची आहे, ती उगाच नाही म्हणायची नाही. तिच्यासारखी सून मिळाली हे माझं भाग्य, असं मी मागे लिहिलं होतं का? लिहिलं नसेल तर आता लिहिते. काहीही झालं तरी लिहिते.

हे पत्र घाईत आहे. सकाळपासून बाळ्याने न्हाणीघर अडवून ठेवलंय आणि मला कामावर जायचंय. म्हणजे, तो आला आहे. कामानिमित्त. अधूनमधून येतो.

अडचण मला काहीच नाही. तुम्हाला आहे का?

तुमची
मुलाकडची

२६ मार्च

छकी,

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं. तुझं इतकं कौतुक लिहिलं आहे की मला तोंडात मारल्यासारखं झालं. बिचारीला काहीच माहीत नाही. जावई मधूनमधून आईकडे जातात, कामानिमित्त म्हणून सांगतात, आणि ती विश्वास ठेवते.

हे मला जमणार नाही. एका पत्रात खोटं लिहिलं तर ते सरकारी नोटिशीसारखं झालं. आठ दिवस एका खोलीत कसं निभावू? आणि खरं सांगितलं तर तीच माझ्याबरोबर यायची नाही. वेगळं व्हायचं तू म्हणालीस, मी तुझी आई. कोणती बाई आपल्या मुलाच्या मोडलेल्या संसाराच्या दुसऱ्या टोकाबरोबर सुट्टीला जाईल? परत आल्यावर तर ती मला पत्रही लिहिणार नाही. का लिहावं?

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तुझं तू बघ. पण तुला नवरा नको झाला तेव्हा माझी मैत्रीण जाणार आहे, हे तुझ्या लक्षात आलं नसेल, म्हणून सांगितलं. माझ्या वयात नवीन करणं अवघड असतं. दुकानात माणसं येतात, पण ती खिडकीबद्दल बोलतात.

मी न जाण्याचं कारण शोधते आहे.

आई

३० मार्च

जावईबापू,

ऑफिसातल्या खोलीला पडदा हवा, रस्त्यावरचा दिवा रात्री डोळ्यांवर येतो, असं तुम्ही लिहिलंत. ऑफिसात रात्री डोळे मिटायची वेळ येते म्हणजे काम फारच दिसतं. जास्त विचारत नाही.

मापाप्रमाणे शिवला आहे. कापड जाड घेतलं आहे, अस्तर दुहेरी. उजेड येणार नाही. सळई सरळ लावा.

संकोच न करता मागितलंत हे बरं केलंत.

आई

५ एप्रिल

विहीणबाई,

एक अडचण आली आहे. इथल्या सभागृहाच्या पडद्यांचं मोठं काम मिळालं आहे. जूनमध्येच हवं म्हणतात. मला येता येईलसं दिसत नाही. आपण धाकट्या बहिणीला घेऊन जावं. तिकिटावरचं नाव बदलता येतं का, छकी बघेल.

माहितीपत्रक परत पाठवते आहे.

आपली

१३ एप्रिल

विहीणबाई,

माझी धाकटी बहीण घोरते. तिला बेटावर नेलं तर बेट बुडेल.

आणि सभागृह म्हणे. तुमच्या गावच्या सभागृहाला पडदा आहे का? मुलांचं लग्न तिथेच लागलं होतं. पडद्याच्या जागी लाकडी फळ्या होत्या आणि तुम्ही त्या बघून दिवसभर हळहळत होता.

आता माझं ऐका. काल कामावरून आले तर बाळ्याच्या खोलीत अंधार. म्हटलं दिवे गेले. गेले नव्हते. खिडकीला नवा पडदा होता, करड्या रंगाचा, जमिनीपर्यंत. कुठून आणलास, विचारलं. म्हणे, बाजारातून. मी खाली वाकून पडद्याची दुमड चाचपली. कोपऱ्यात चपटं वजन. पडदा सरळ लोंबावा म्हणून ते आत शिवून टाकायची खोड मी जगात एकाच बाईची पाहिली आहे, आणि तेही हिरव्या दोऱ्याने, पडदा कुठल्याही रंगाचा असो. बाजार माझ्याशी खोटं बोलत नाही, मुलगा बोलतो.

वर तुमचं ते 'आपली नम्र' आणि हे सभागृह. तेव्हा तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे, मार्चपासून. तो माझ्याचकडे राहतो आहे. तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. तुम्हालाही तसंच बजावलं असणार. दोघांनी मिळून आपल्याला छान बनवलं.

मुलाकडची म्हणून जाब विचारायचा मला हक्क आहे. तो हक्क मी आज वापरणार आहे. आजवर कधी वापरला नव्हता.

जाब असा. माझ्या मुलाच्या खोलीला दुहेरी अस्तर आणि माझ्या दिवाणखान्याला एकेरी, हे काय म्हणून? तीन वर्षं माझ्या सोफ्यावर ऊन येतं आहे. त्याचं कापड विटलं. हे सगळं बेटावर गेल्यावर निकाली काढायचं आहे. माहितीपत्रक पुन्हा पाठवते आहे. याची ये-जा बंद करा, कोपरे दुमडायला लागलेत.

तुमची
मुलाकडची

४ मे

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. टपालवाला मला बघून लांबूनच मान हलवतो.

मी चेष्टेत लिहिलं होतं. माझी चेष्टा कधीकधी दुसऱ्याच्या दाताखाली येते, हे मला कामावरही सांगतात. म्हणून आता सरळ लिहिते.

मागच्या आठवड्यात सूनबाई माझ्याकडे आली होती. रात्री झोपेत दात एकमेकांवर घासले जातात, दाढा दुखतात, म्हणाली. दुसऱ्या कोणाकडे गेली नाही, माझ्याकडे आली. रात्री दातांवर घालायच्या कवचासाठी मी साचा घेतला. साचा घेताना तोंड उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे आम्हाला बोलावं लागलं नाही. बाळ्या घरात नव्हता. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, आई, तुम्ही दोघी जा, माझ्या आईला सांगा ना. मी म्हटलं, सांगितलंय, ती बोलत नाही. मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं. आता हे करायचा मला अधिकार आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बाळ्याचं सांगते. तो लहान असताना शाळेतून आला की मी विचारायचे, काय झालं आज? तो म्हणायचा, काही नाही. अजून तेच म्हणतो. मला त्याची सवय आहे. सूनबाईने ती का करून घ्यावी?

तिच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर कसा असेल?

मला तुमच्याबरोबर जायचं आहे. मुलांनी तिकिटं काढली म्हणून नाही. आमचे हे गेल्यापासून मी कोणाशी खिडकीवरून भांडले नव्हते.

आता तुम्ही ठरवा.

१० मे

विहीणबाई,

तुमचं एप्रिलमधलं पत्र मी पूर्ण वाचलं नव्हतं. 'जाब विचारायचा मला हक्क आहे' इथपर्यंत आले आणि पत्र मिटून मशीनच्या खणात टाकलं. म्हटलं, झालं. हेच व्हायचं होतं. पुढे काय असेल ते मला ठाऊक आहे असं वाटलं. तुमच्या आवाजात मनातल्या मनात सगळं ऐकून झालं होतं. रोज खण उघडायचे, कात्री काढायचे, बंद करायचे.

काल तुमचं दुसरं आलं तेव्हा आधी ते वाचलं, मग खण उघडून उरलेलं वाचलं. दुकानात एक बाई पडद्याचं कापड निवडत होती. मी एकटीच हसायला लागले, मग डोळ्यांना पदर लावला, तर ती म्हणाली, मी नंतर येते.

अस्तराचं सांगते. तुम्हीच म्हणाला होता, दिवाणखान्यात ऊन यायला हवं, अंधारात पाहुणे दातांबद्दल बोलत नाहीत. तेव्हा सोफ्याचं पाप माझ्या डोक्यावर नको.

छकीला तुम्ही जवळ घेतलंत हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी तिची आई, मला तिने फोनवर सांगितलं, दाढ बरी आहे.

हॉटेलचं उत्तर आलं. खिडकीचं माप दिलेलं नाही, मोठी आहे एवढंच लिहिलं आहे. पण ती दोन खाटांच्या मधोमध आहे. आपण उगाच भांडलो.

सभागृहाला पडदा नाही. बरोबर आहे तुमचं.

एक मात्र विचारायचं आहे. सहलीनंतर मुलांचे कागद होतील. मग आपण एकमेकींच्या कोण? लोक विचारतील, ह्या कोण, तर मी काय सांगू?

तुमची
(सही काय करावी कळत नाही)

१८ मे

विहीणबाई,

मी तुम्हाला विहीणबाईच म्हणणार. तोंडाला वळण पडलंय.

तुम्ही फार मोठा प्रश्न विचारला. मी चार दिवस तो घेऊन हिंडले. एका गिऱ्हाइकाची खालची कवळी त्यापायी पुन्हा करावी लागली. उत्तर एवढंच सुचलं. माझ्या मुलाने बायको सोडली असेल, किंवा तुमच्या मुलीने नवरा. मी कोणाला सोडलेलं नाही. तुम्ही सोडलं असेल तर लिहा.

लोकांना सांगायचं ते तिथे गेल्यावर बघू. आपली विमानं वेगवेगळी असली तरी बेटाची बोट एकच, ती सकाळी सुटते. मी आदल्या संध्याकाळी तिथल्या बंदरावर पोचते आहे. तिकीटखिडकीशेजारच्या बाकावर असेन. ओळखायला सोपी आहे, जास्त सामानवाली.

बोट लागत असेल तर आधी सांगा, मी वाऱ्याच्या बाजूला बसेन.

तुमची
मुलाकडची

८ जून

छकी, बाळ्या,

हे पत्र एकच आहे, पण दोन कागदांवर लिहिलं आहे. मी, म्हणजे मुलीकडची, सांगते आणि दोघी लिहितो. माझ्या अक्षरातलं बाळ्याला जाईल, विहीणबाईंच्या अक्षरातलं छकीला. त्या मध्येच स्वतःचं घालताहेत, तेव्हा दोन्ही पत्रं तंतोतंत सारखी नसतील. एकत्र ठेवून ताडून बघायची हौस असेल तर भेटा. नसेल तर नका भेटू.

सुखरूप पोचलो. बोट मला लागली नाही, त्यांना लागली. वाऱ्याची बाजू त्यांनीच निवडली होती. आता म्हणतात, तुमच्यासाठी म्हणून तिथे बसले.

बोटीवर आम्ही तुमच्याबद्दल बोललो. आधी त्यांनी बाळ्याला नावं ठेवली आणि मी त्याची बाजू घेतली. मग मी छकीला नावं ठेवली, तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. बेट दिसायला लागेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या मुलांसाठी भांडत होतो. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. आता तुमच्याबद्दल बोलायचं संपलं. परत येईपर्यंत पुन्हा काढायचं नाही असं ठरलं आहे.

आम्ही रागावलेलो नाही, हे त्यांनी लिहायला सांगितलं. मी थोडी रागावले आहे, हे माझं.

हॉटेलच्या मालकाने विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? मी विचार करत होते, तेवढ्यात यांनी हो म्हणून टाकलं. वर मला थोरली केलं. मी पाच महिन्यांनी धाकटी आहे. आता आठ दिवस इथले सगळे मला हात धरून पायऱ्या चढवणार.

पाकिटं सकाळी टाकू. पेटी बंदरापाशी आहे.

९ जून, सकाळ. न्याहारीला मालकाने चौघांचं टेबल मांडलं होतं. त्याच्याकडे अजून आपली चौघांचीच नावं आहेत. शेजारच्या टेबलावर माणसं जास्त होती आणि खुर्च्या कमी. आम्ही आमच्यातल्या दोन त्यांना दिल्या आणि बसलो.